वळायची जागा

गुरुवारचा पेपर रविवारपर्यंत टिकण्याची ओव्हाळांच्या घरातली ही पहिलीच वेळ. एरवी शुक्रवारी तो मेथी निवडायला जातो, नाहीतर कपाटाच्या खणात अंथरला जातो. हा मात्र टीपॉयवर तसाच होता, पान पाच वर करून, आणि त्यावर चष्म्याचं घर ठेवलेलं. उडू नये म्हणून की दिसू नये म्हणून, हे विचारायची कोणाची तयारी नव्हती.

बातमी दोन बोटं रुंद. 'उतरू नये'च्या फलकाला बिलगून ज्येष्ठाने वाचवला जीव. खाली फोटो: मुठेचं पात्र, छातीपर्यंत गढूळ पाणी, पाण्यात पिवळा फलक, फलकावर काळ्या अक्षरांत 'धरणातून पाणी सोडले जाते, नदीपात्रात उतरू नये', आणि त्याच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे असलेले एक्काहत्तर वर्षांचे गृहस्थ. नाव छापलेलं नव्हतं. छापायची गरजही नव्हती. व्हिडिओ सव्वानऊ लाख लोकांनी पाहिला होता आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी रतनराव ओव्हाळांना फोन करून 'तुम्हीच का ते' असं काळजीने विचारलं होतं. पाटबंधारे खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांनी तर फलकावरचा मजकूर कोणाचा, हेही आठवणीने सांगितलं. तो रतनरावांचाच होता. नव्याण्णव साली त्यांनीच लिहून दिला होता आणि फलकही स्वतः उभं राहून लावून घेतला होता.

बुधवारी नवरा-बायको स्कूटरवरून पुलावरून येत होते. रतनरावांना फलक कललेला दिसला. त्यांनी स्कूटर कडेला लावली, डिकीतून पाना काढला आणि फलक सरळ करायला पात्रात उतरले. पुढचं सव्वानऊ लाख लोकांना माहीत होतं.

"आजी, आजोबांना विचार ना, चहा घेणार का," मैत्री म्हणाली.

"तूच विचार तुझ्या आजोबांना," जयाबाई म्हणाल्या. "ते माझं ऐकत नाहीत, हे आता जगजाहीर आहे."

जगजाहीर म्हणजे शब्दशः. त्या व्हिडिओत चित्र रतनरावांचं असलं तरी आवाज जयाबाईंचा होता. कठड्यावरून वाकून मारलेली हाक: अहो, वर या. अहो, वर या. अहो, वर या. पोरांनी त्याला मागून ढोलकी लावली होती. बुधवार दुपारपासून जयाबाई नवऱ्याशी थेट बोललेल्या नव्हत्या. महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवल्यामुळे एकाला सांगायचं ते दुसऱ्याकडे बघून सांगण्याची कला त्यांना अवगत होती.

बाराला टेम्पो येणार होता. अनिरुद्धने ठरवलं होतं की आई-पप्पा आजपासून वाकडला, त्याच्याकडे, अकराव्या मजल्यावर राहतील. स्कूटर जाईल, बिबवेवाडीच्या या तीन खोल्यांना कुलूप लागेल. बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ पाहिला आणि गुरुवारी सकाळी निर्णय झाला. त्याच्या बायकोने, हेमाने, मधल्या खोलीतलं टेबल हलवून पलंग लावला, दोन उशा नव्या आणल्या, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीकडून सामान चढवायला लिफ्टची वेळ मिळवली, दोन ते चार. रविवारी अशी वेळ मिळणं हे त्या सोसायटीत फ्लॅट मिळण्यापेक्षा कठीण समजलं जातं.

सोनाली गुरुवारी भावाच्या बाजूची होती. शुक्रवारी आईशी फोनवर बोलून आईच्या बाजूची झाली. आज लेकीला, मैत्रीला, घेऊन धायरीहून येताना ती ऑफिसमधली रिकामी खोकी घेऊन आली होती, त्यामुळे पुन्हा भावाच्या बाजूची धरायला हरकत नव्हती.

"पप्पा, स्वेटर कुठल्या खोक्यात टाकू?"

"वाकडला थंडी असते?"

"अकराव्या मजल्यावर वारा असतो."

"मग मला धरायला खांब लागेल," रतनराव म्हणाले.

कोणी हसलं नाही. हसण्याजोगी गोष्ट या घरात हसल्याशिवाय सुटली, असं अलीकडच्या काळात तरी झालं नव्हतं.

*

अनिरुद्ध गॅलरीत उभा राहून सेक्रेटरीला तिसऱ्यांदा खात्री देत होता की सामानात फ्रिज नाही.

त्याला हे सगळं सेफ्टीचं वाटत होतं. हा शब्द तो चार दिवसांत इतक्या वेळा वापरून बसला होता की आता तो काँक्रीटसारखा घट्ट झाला होता. आतलं कारण त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, हेमालाही नाही. व्हिडिओ एक मिनिट चार सेकंदांचा होता. अडतिसाव्या सेकंदाला खांबावरचा उजवा हात सुटतो. सुटतो, पाण्यावर एकदा आपटतो आणि पुन्हा खांब धरतो. पाहणाऱ्यांच्या ते लक्षात येत नाही, कारण नेमकं तेव्हाच कोणीतरी मोठ्याने हसतं. अनिरुद्धने तो सेकंद किती वेळा पाहिला होता, हे त्याच्या फोनलाच माहीत.

"अनि, आत ये," सोनाली म्हणाली. "अकरा वाजले. वंदना घेऊ, मग भांडी भरते."

बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे जयाबाईंनी मेणबत्ती लावली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. रतनरावांचा आवाज नेहमीसारखा होता, थोडा खोकला सोडला तर. नदीचं पाणी नाकात गेलं होतं.

वंदनेनंतर या घरात दर रविवारी पेपर वाचला जातो. ही रीत रतनरावांच्या वडिलांची, आबांची. आबा कालव्यावर पाटकरी होते, शेताशेताला पाणी सोडायचे. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि त्यानंतर घरात पेपर चालू केला. वाचता येत नसताना. पानशेत फुटलं तेव्हा त्यांचा शेजारी पाणी उतरलं असं समजून घागर आणायला खोपटात परत गेला, तो आलाच नाही. ती बातमी आबांनी सात वर्षांच्या रतनकडून अक्षर अक्षर जुळवत वाचून घेतली आणि विचारलं, "ह्याची वळायची जागा कुठं होती, सांग."

तेव्हापासून दर रविवारी एक चुकलेला माणूस. उत्तर दिल्याशिवाय कोणी हसायचं नाही, असा आबांचा नियम होता. आबा गेल्यावर चुकलेला माणूस तेवढा राहिला आणि उत्तर गळून पडलं. अनिरुद्ध आणि सोनाली लहानाचे मोठे झाले ते हसतच. फोनमधल्या बाईने सांगितलं म्हणून गाडी पायऱ्यांवरून उतरवणारा. मधमाश्यांचं मोहोळ जाळताना पार्किंगमधल्या तीन मोटरसायकली जाळणारे चेअरमन. कुत्र्याला भूतबाधा झाली म्हणून स्वतः उपाशी राहून शेवटी सलाईन लागलेलं जोडपं. रतनराव ही माणसं अशी उभी करायचे की जयाबाईंना हसून ठसका लागायचा. शेजारचे लोक रविवारी अकराला काहीतरी मागायच्या निमित्ताने यायचे.

मेणबत्ती जळत होती. पेपर टीपॉयवर होता. सोनालीने टेपचं रीळ हातात घेतलं.

"आज वाचायचं नाही का?" रतनराव म्हणाले.

"पप्पा, राहू दे," अनिरुद्ध म्हणाला. "टेम्पो येईल."

"बाराला येणार. अकरा दहा झालेत." त्यांनी चष्म्याचं घर बाजूला केलं. "मैत्री, तू वाच. तुझा आवाज स्वच्छ आहे."

*

मैत्रीने पेपर उचलला. तिचा आवाज स्वच्छ नव्हता.

बुधवारी दुपारी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तिला हा व्हिडिओ एका ग्रुपवर आला होता. तिने 'पीक पुणे', म्हणजे पुणेरीपणाची हद्द, असं लिहून तो आणखी दोन ग्रुपवर पाठवला. आवाज बंद होता, कारण कॅन्टीनमध्ये गोंगाट होता. मग हेडफोन लावले. आजोबांना तिने चेहऱ्यावरून ओळखलं नाही. आजीच्या 'अहो'वरून ओळखलं. पाठवलेलं पुसून टाकायला तिला अकरा सेकंद लागले आणि तेवढ्यात सहा जणांनी ते पुढे पाठवलेलं होतं. हे तिने आईला सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हती.

तिने बातमी वाचली. फोटोखालची ओळसुद्धा वाचली, अग्निशामक दलाच्या जवानांनी दोर टाकून सुटका केली, ती.

"झालं?" रतनराव म्हणाले. "आता आबांचा प्रश्न. वळायची जागा कुठं होती? आणि आधी हसायचं नाही."

सोनालीने रीळ हातातल्या हातात फिरवलं.

"फलक वाकडा दिसला तिथं," शेवटी सोनाली म्हणाली. सरकारी नोकरीत राहून तिला प्रश्न अनुत्तरित ठेवायची सवय होती, पण घरात नाही. "रिटायर झालेल्या माणसाने वाकडे फलक बघायचे नसतात. आम्ही नोकरीत असूनही बघत नाही."

"चूक. वाकडा होता, सरळ करायलाच हवा होता. पुढचा?"

"इशारा आला तिथं," अनिरुद्ध म्हणाला. भिंतीकडे बघत म्हणाला. "पाणी सोडणार हे सकाळपासून सगळ्या ग्रुपवर होतं. तुम्हीच मला पाठवलं होतं, पप्पा."

"बरोबर. दहाला सोडणार होते. खडकवासल्यापासून त्या पुलापर्यंत पाण्याला दीड तास लागतो. हा आकडा मी काढलाय. नव्याण्णव साली काठाकाठाने सायकल मारून, हातात घड्याळ धरून. अकराला मी खाली उतरलो. काम दहा मिनिटांचं. हिशोब चोख होता."

"मग पाणी आधी कसं आलं?" मैत्रीने विचारलं.

"नदी तेव्हा पाय पसरून झोपायची. आता दोन्हीकडून भराव टाकून तिला कुशीवर वळवलीय. जागा कमी झाली की पाणी घाई करतं. हे मला माहीत नाही असं नाही. ज्येष्ठांच्या मंडळात मीच भाषण देतो त्यावर, नकाशा लावून." ते थांबले. "पण आकडा माझा होता ना."

"मग हीच जागा झाली," सोनाली म्हणाली. "आकडा जुना झाला, तुम्ही मानलं नाहीत. वाचन संपलं. अनि, ती पातेली दे इकडे."

"सोनाली," जयाबाई म्हणाल्या. त्या आतापर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "तुझ्या वडिलांना विचार, मी किती हाका मारल्या."

"तीन," मैत्री पटकन म्हणाली. मग पेपरात बघू लागली.

"पाच," रतनराव म्हणाले. "पहिल्या दोन व्हिडिओत नाहीत. तेव्हा त्या लोकांनी फोन काढलेले नव्हते. दोन जण काढत होते."

"म्हणजे ऐकू येत होत्या," जयाबाई सोनालीकडे बघून म्हणाल्या.

"सगळ्या."

*

रतनरावांना त्या पाण्याचा वास अजून येत होता. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण डॉक्टरही व्हिडिओ पाहून आलेले होते.

"दुसऱ्या हाकेला पाणी घोट्याइतकं होतं," ते म्हणाले. "घाटाच्या पायऱ्या पंधरा पावलांवर. पळालो असतो तर चपला भिजल्या असत्या, बाकी काही नाही. मी वर बघितलं. कठड्याला वीसपंचवीस लोक. मला वाटलं, आता काय दिसणार ह्यांना? एक म्हातारा, एका हातात पाना, एका हातात लेंगा, 'उतरू नये'च्या फलकाखालून पळत सुटलाय." त्यांनी पेपरची घडी घातली, मग पुन्हा उलगडली. "आणि मला आपला रविवार दिसला. अनि वाचतोय. सोनाली, तू हसतेयस. मी असतो तर मीच ते पळणं करून दाखवलं असतं. लेंगा धरून, ह्या खोलीत. तुम्हाला फार आवडलं असतं."

सोनालीच्या हातातलं रीळ खाली गेलं आणि दिवाणाखाली घरंगळलं. ते काढायला कोणी वाकलं नाही.

"म्हणून मी चालत निघालो. सावकाश. मधे थांबून पाना लेंग्याला पुसला. कोणाला वाटायला नको, घाबरला म्हणून. तिसऱ्या हाकेला गुडघे. चौथ्या हाकेला मी मागे फिरून खांब धरला." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "वळायची जागा होती. स्वच्छ दिसत होती. लोक बघत होते, एवढंच."

जयाबाई आत गेल्या. पातेलं ठेवल्याचा आवाज आला, मग पुन्हा तेच पातेलं उचलून ठेवल्याचा.

अनिरुद्धचा फोन वाजला.

"साहेब, सुदर्शन टेम्पोवाला. खाली आलोय. गेटवर लावू का आत घेऊ?"

"थांबा," अनिरुद्ध म्हणाला.

"थांबतो, पण मागे गाड्या लागल्यात."

बारा वाजायला बारा मिनिटं होती. सुदर्शन वेळेआधी आला होता. या आठवड्यात सगळंच वेळेआधी येत होतं.

"मामा," मैत्री म्हणाली, "आजीला विचारलं होतं का? वाकडचं?"

"कोणी विचारायचं?" आतून उत्तर आलं. "खोक्यांना कोणी विचारतं का?"

"आई, असं नको बोलू," अनिरुद्ध म्हणाला. "हेमाने तुझ्यासाठी खिडकीकडची बाजू ठेवलीय."

"हेमा गुणाची आहे. ती मला फोनवर म्हणाली, आई, तुम्हाला चालेल ना? मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला विचार, त्याला चालत असेल तर मला चालतं असं त्याने धरलंय."

"ताई, तू तरी सांग."

सोनालीने समोरच्या खोक्याकडे पाहिलं. त्यात आईचे स्वेटर, पप्पांची कानटोपी आणि, का कोण जाणे, पोळपाट होता. "मीही नाही विचारलं," ती म्हणाली. "ऑफिसात खोकी रिकामी झाली होती, म्हणून आणली."

"खोकी रिकामी होती म्हणून?"

"तू लिफ्ट मिळाली म्हणून."

अनिरुद्धला राग आला, मग कोणावर आला ते सापडेना. "दोन ते चार मिळालीय," तो म्हणाला, आणि आपण हे मोठ्याने म्हटलं हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. सेक्रेटरीला काय सांगायचं. हेमाला काय सांगायचं. ऑफिसमध्ये त्याने सुट्टी टाकताना कारण लिहिलं होतं, आईवडील राहायला येणार, आणि त्याखाली नऊ जणांनी अंगठे दिले होते. तो दिवाणावर बसला. चाळीस वर्षांपूर्वी तो याच दिवाणावर जन्मला नव्हता एवढंच. बाकी सगळं इथं झालं होतं.

"अडतिसाव्या सेकंदाला हात सुटतो तुमचा," तो म्हणाला.

रतनरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "हो. बाकी कोणाला दिसलं नाही ते."

"मला दिसतं. डोळे मिटले तरी दिसतं. तुम्ही इथं, मी तिथं, आणि मला कोणीतरी फोनवर दाखवणार, बघ रे, काय माणसं असतात. म्हणून वाकड."

हे त्याने चार दिवसांत पहिल्यांदा सेफ्टी हा शब्द न वापरता सांगितलं होतं.

रतनरावांनी सदऱ्याच्या खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि पेपरवर ठेवली, बरोबर फोटोवर. "ही घे. ह्यात तू बरोबर आहेस. उजव्या कानाने हॉर्न ऐकू येत नाही मला, वर्ष झालं. सांगितलं नाही." जयाबाई दारात आल्या होत्या. कानाचं त्यांनाही नवीन होतं. "घराचं तुझं तू बघ. मी त्यावर बोललो तर ते माझ्या सोयीचं होईल. पण खाली जाशील तेव्हा एवढं लक्षात ठेव, सगळी बिल्डिंग गॅलरीत आहे."

ती होती. सकाळी खोकी वर जाताना पाहिल्यापासून समोरच्या विंगेत कपडे वाळत घालायचं काम सुरू होतं, आणि इतके कपडे त्या विंगेत असतील असं कोणाला वाटलं नसतं.

खाली हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक.

अनिरुद्ध उठला. त्याने किल्ली घेतली नाही, खोकं घेतलं नाही, चपला घातल्या नाहीत. दार उघडं राहिलं. तीन मजल्यांच्या जिन्यात त्याची पावलं सुरुवातीला एकेक ऐकू आली, मग दोन-दोन पायऱ्यांची झाली.

"पळतोय," रतनराव म्हणाले.

जयाबाई, सोनाली आणि मैत्री गॅलरीत गेल्या. रतनराव जागचे हलले नाहीत. लोकांनी बघितलेलं कसं वाटतं ते त्यांना माहीत होतं. खालचे आवाज वर येत होते. सुदर्शन म्हणत होता, "असं कसं साहेब, लोडिंगची दोन माणसं आणलीत मी." समोरून कोणीतरी विचारलं, "काय रे अनिरुद्ध, बेत बदलला की काय?"  वाळत घातलेले कपडेही हलेनासे झाले.

"हो काका," अनिरुद्धचा आवाज आला, गरजेपेक्षा मोठा. "आईला विचारायचं राहिलं होतं. माझी चूक झाली."

"मग आता?"

"आता विचारतो."

समोरच्या विंगेत कोणीतरी हसलं. दुसरंही कोणीतरी. सोनालीने कठडा घट्ट धरला. अनिरुद्ध तिथंच उभा होता, अनवाणी, सुदर्शनला काहीतरी समजावत, मान वर न करता.

जयाबाई कठड्यावरून वाकल्या. बुधवारी वाकल्या होत्या तशाच, पदर सावरत.

"अनि," त्यांनी हाक मारली. "वर ये. त्या टेम्पोवाल्यांनाही घेऊन ये, आमटी-भात आहे."

 मग जिना वाजायला लागला, तीन-चार माणसांचा.

"पहिल्या हाकेला," आतून रतनराव म्हणाले.

जयाबाई वळल्या. खोली ओलांडून टीपॉयपाशी आल्या, किल्ली उचलून कमरेला खोचली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा सरळ नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "माझ्यावर गेलाय तो. उठा, पानं घ्या."